बसलेल्या माणसाचं माप

माझी मंजुळामावशी धारगळला हायवेच्या कडेला कव्हरं शिवते. सोफ्याची, फ्रीजची, मिक्सरची, वॉशिंग मशीनची, इन्व्हर्टरची. माप घ्यायला मी जातो आणि तयार कव्हर चढवायलाही मीच जातो, मधलं सगळं तिचं. आमच्याकडे नवी वस्तू घरात आली की ती झाकल्याशिवाय ती घेतल्याचा आनंद पुरा होत नाही. डिचोलीच्या एका बाईंना मी कव्हरावर घालायचं कव्हर नेऊन दिलंय. पाहुणे आले की वरचं काढायचं, म्हणजे खालचं नवंकोरं दिसतं. खालचं कधी काढायचं ते त्यांचं अजून ठरलेलं नाही.

मावशीचा नियम एकच. माप घेताना वस्तू रिकामी हवी.

"माणूस असलो तर उठव. मांजर असला तर उठव. मगे टेप लाव."

का, ते तिने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. नियम इतका साधा होता की तो मोडायचा म्हणजे काहीतरी खास खटपट करावी लागेल असं वाटायचं. तशी काही खटपट करावी लागली नाही.

चवथीच्या आधीचे दिवस होते. घरात गणपती यायच्या आधी जो तो कव्हरं बदलतो, त्यामुळे मावशीच्या मशीनला तेव्हा उसंत नसते. अशात कोरगावहून प्रवीणचा फोन आला. हा पणजीला नोकरी करतो, शनिवार-रविवार घरी येतो. मोपाला विमानतळ झाल्यापासून पेडण्यात ज्याच्या घरात एक खोली जास्त आहे त्याला रात्री विमानांऐवजी पर्यटक दिसतात. प्रवीणलाही दिसले होते. घर पाहुण्यांना द्यायचं, त्याआधी फोटो काढायचे, आणि फोटोत जुनं लाकूड दिसायला नको. सगळ्या सामानाला एका रंगाची कव्हरं, निळ्यावर पांढरी फुलं.

सोफ्याचं, टेबलाचं, शोकेसचं माप झालं. राहिली ती बैठकीच्या खोलीतली आरामखुर्ची, आमच्या बोलीत कदेल. लांब हातांची, वेताच्या पाठीची, पाय पसरून बसायची. तिच्यात प्रवीणचे वडील रघुनाथआबा पाय पसरून बसले होते.

"आबा, जरा उठतास? माप घेवचा असा."

"कित्याचा?"

"कदेलीचा."

"कदेल काय खंय पळान जाता? घे तशीच."

"पण तुमी बसलास मा."

"मी बसलंय म्हणान ती कदेल. नायतर ता लाकूड." त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली. "गोऽ, ह्येका च्या दी."

दारात त्यांची बायको उभी होती, यशोदाकाकी. ती आत वळली.

प्रवीण मला बाजूला घेऊन म्हणाला, "ते नाही उठणार. मागे आंघोळीला गेले तेव्हा मी त्यांचा जुना रेडिओ माळ्यावर टाकला. तेव्हापासून त्यांचा माझ्यावर विश्वास नाही."

"मग आंघोळ?"

"तो विषय नको."

मी तसंच माप घेतलं. टेप डोक्यामागून आणली, खांद्यांवरून सोडली, पोटावरून वळवली, गुडघ्यांवरून खाली पावलांपर्यंत नेली. आबांनी मला पुरेपूर मदत केली. हनुवटी वर करायची वेळ आली तेव्हा न सांगता केली. मी पोटाचा आकडा वहीत लिहिताना ते म्हणाले, "खरो लिही, लाजा नको."

तेवढ्या वेळात त्यांनी काकीला तीन-चारदा हाक मारली. चष्म्यासाठी, पंख्यासाठी, आणि एकदा नुसतीच. ती प्रत्येक वेळी आली. पाहुणा आल्यावर घरची बाई कुठेतरी टेकते, निदान सोफ्याच्या काठावर. ही टेकली नाही. दाराच्या चौकटीपाशी उभी राहायची, आणि चौकटीचं लाकूड तिच्या खांद्याएवढ्या उंचीवर गुळगुळीत झालं होतं. तिच्या डोक्यावर खुंटीला एक केशरी पिशवी लटकत होती, भरलेली, तोंडाला दोरी बांधलेली.

"खंय जातास काय काकी?" मी विचारलं.

"डिचोलीक. भैणीकडे." तिने आवाज खाली आणला. "सरस्वतीच्या डोळ्यांचा ऑपरेशन असा. थेंब घालूक कोण नाय. पण बगूया, कसा जमता ता." पिशवीवर धूळ होती. बघणं बरेच दिवस चाललेलं असावं.

माप संपलं. मी टेप गुंडाळली आणि आबा उठले.

कुणीही त्यांना उठा म्हटलं नव्हतं. ते उठले, मागे वळून खुर्चीकडे पाहिलं, जसं आपण एखाद्या खोलीत जातो आणि का आलो ते विसरतो तसं, आणि चालत अंगणात गेले. प्रवीणने माझा हात दाबला. "बाबा चालतायत!" त्याला रडू यायचं बाकी होतं. काकी चहाचा कप घेऊन उभी होती. ती आनंदली नाही. ती खुर्चीकडे बघत होती.

पुढचं मला प्रवीणने फोनवर सांगितलं. त्या दिवसापासून आबांना बसवेना. टेकले की उठायचे. जेवायचे उभ्याने, झोपायचे भिंतीला पाठ लावून. डॉक्टर म्हणाला, ह्या वयात एवढी हालचाल म्हणजे उत्तम लक्षण. आणि मग एका सकाळी ते काजूच्या बागेत एका झाडाला टेकून उभे होते. वाटेवरून जाणाऱ्या लोकांनी त्यांना हाक मारली, ते बोलले नाहीत. कुणाला काही वाटलं नाही, कारण एरवीही हाक ते मारायचे, हाकेला ओ द्यायचे नाहीत. परतताना लोकांनी पुन्हा हाक मारली, तेव्हा कुणीतरी जवळ गेलं.

ह्या सगळ्यात मावशीने कव्हर शिवून टाकलं होतं. हातात धरून तिने ते उलटसुलट केलं.

"सतीश, ह्या कदेलीचा की म्हशीचा?"

"नवीन डिझाइन आहे."

"उठवलंस मा रे तेंका?"

मी चहा आणायला गेलो.

दिवसकार्य उरकल्यावर प्रवीणने बोलावलं. घरात अजून सुतकासारखी शांतता होती आणि प्रवीणच्या हातात फोटोग्राफरचा नंबर होता. सोफा झाला, टेबल झालं, शोकेस झाली. खुर्चीचं कव्हर मी शेवटी घेतलं. ते ढगळ होणार हे मला माहीत होतं. पोटाचं कापड लोंबणार, गुडघ्यांचं जमिनीवर पडणार. म्हणून मी पिना तोंडात धरूनच आलो होतो. डोक्याकडून चढवलं, पायांकडे ओढून घेतलं आणि ढिलं कापड चिमटीत धरायला खाली बसलो.

ढिलं कापड नव्हतं.

पावलांपासून ते हळूहळू भरत वर गेलं. घाई नाही, आवाज नाही. गुडघे आले. पोट आलं. पोट एकदा वर झालं, एकदा खाली झालं आणि मग थांबलं, जणू आता बरं वाटलं. शेवटी डोक्याच्या जागी हनुवटीएवढी चुणी पडली, नीट, मापाप्रमाणे. मी तोंडातल्या पिना एकेक करून हातात काढल्या. गिळल्या नाहीत ह्याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

"फिटिंग मस्त आलंय रे!" प्रवीण म्हणाला. त्याने पोटावर थाप मारली. "आत काय घातलंस? स्पंज?"

"नाही."

"कापूस?"

"काही नाही."

"मग भारी जमलंय." तो फोटोचा कोन बघायला मागे सरकला.

काकी चहा घेऊन आली. आम्ही दोघं होतो, कप दोन होते. एक तिने मला दिला, दुसरा खुर्चीच्या लांब हातावर ठेवला. "ह्येंका साखर कमी," ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही. ती चौकटीपाशी जाऊन उभी राहिली. मी निघालो तेव्हा तो कप रिकामा होता. प्रवीणने प्यायला असेल असं मी स्वतःला समजावलं. प्रवीण चहा पीत नाही.

पाहुणे यायला लागले. पुण्याच्या एका जोडप्याने घराबद्दल छान लिहिलं, खोल्या स्वच्छ, माशाची कढी उत्तम, यजमानांचे वडील शांत आहेत पण सारखे बघत बसतात. प्रवीणला वाटलं त्यांनी दुसऱ्याच घराचं चुकून इथे टाकलंय.

मग एके दुपारी काकीचा फोन आला. प्रवीण पणजीला होता, पाहुणे समुद्रावर.

"पुता, सोमवारी सरस्वतीचा ऑपरेशन. माका जावचाच असा. तू येवन ता कव्हर काढ."

मी गेलो तेव्हा ती केशरी पिशवी हातात घेऊन चौकटीपाशी उभी होती. मला म्हणाली, "बग हां," आणि बैठकीची खोली ओलांडून पायरीवर गेली. एक पाऊल अंगणात टाकलं.

खुर्ची करकरली. कोर्टात मी ती हाक होती असं सांगणार नाही. वेताची करकर होती. पण त्या करकरीत ‘गोऽ’ ऐकू येत होतं, आणि ते यशोदाकाकीसाठी होतं. काकीचं पाऊल अंगणात होतं ते मागे आलं. तिने ते आणलं नाही, आपोआप आलं. पिशवी खुंटीला गेली, काकी आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"असा," ती तांब्या खुर्चीच्या हातावर ठेवत म्हणाली. "जिते होते तेवा निदान दुपारचे घोरत. तेवा मी अंगणात तरी जाय. आता झोपनतच नाय."

मी कव्हर काढायला गेलो. बसलेल्या माणसाची पँट काढायचा प्रयत्न तुम्ही कधी केला असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. मी आधी केला नव्हता. पायांकडून ओढलं, येईना. डोक्याकडून ओढलं, तर हनुवटीची चुणी घट्ट झाली, दात आवळावेत तशी. शेवटी कातर काढली आणि गुडघ्यांमधल्या शिवणीला लावली. गुडघे जवळ आले.

मी कातर खिशात ठेवली.

"कापू नको," काकी म्हणाली. "आतसून काय भायर येतला कोणाक ठावक. मगे ता पुसूचा कोणी?"

मी धारगळला येऊन मावशीला सगळं सांगितलं. ती मशीन न थांबवता ऐकत होती.

"म्हणान तर उठवूचा असता."

"तू कधी सांगितलं नाहीस, का ते."

"तू कदी इचारलंस?" तिने दोरा दातांनी तोडला. "तुझ्या काकांच्या गादीचा कव्हर मी ते झोपले असताना मापलंय. नवीन होतंय, समाजला नाय. गादीर अजून कोणतरी घोरता."

मी काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, कधी झोपलेलं पाहिलेलं नाही. ते एका कारखान्यात रात्रपाळीला वॉचमन आहेत आणि तिथे त्यांचं फार कौतुक आहे.

"मग आबा मेले ते? काका तर ठणठणीत आहेत."

"काकांक पयल्यापासून झोप कमी. ज्येका जा कमी, तेचा ता गेला तर तेका कळना नाय." ती पुन्हा मशीनवर वाकली.

हे वाक्य मी काकीला फोनवर सांगितलं, धीर देण्यासाठी. तिने ते माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. मग ती म्हणाली, "टेप घेवन ये."

मी पोचलो तेव्हा तिने स्वयंपाकघरातली साधी लाकडी खुर्ची आणून आरामखुर्चीच्या शेजारी मांडली होती. तिच्यावर पुसलेल्याचा ओला ठसा होता.

"माका बसलेली माप."

"काकी, आबांचं काय झालं ते ठाऊक आहे ना?"

"तेंका उभ्या रवाची सवय नव्हती. म्हणान मेले." ती अगदी शांतपणे म्हणाली. "माका असा. ह्या घरात मी बसलंय कदी? ज्यावेळी बसाक गेलंय त्यावेळी हाक. माझ्याकडे बसणा उरला तरी किती? घे जा काय असा ता. हय ठेय. तेंका कोणतरी शेजारी दिसला म्हणजे झाला."

"आणि पुन्हा बसता आलं नाही तर?"

"बशीत उबी रवान जातलंय. तशीय जागा मेळना नाय."

ती बसली. कसं बसायचं ते तिला नीट आठवत नव्हतं. आधी काठावर, मग थोडी मागे, हात कुठे ठेवायचे ते कळेना म्हणून मांडीवर. बाजूचं निळं कव्हर जराही हललं नाही, पण मला वाटलं ते ऐकतंय. मी घाईत टेप फिरवली. खांदे अगदी लहान होते. टेप पाठीवरून नेताना मला तिच्या पाठीत एक ताण लागला, जसा धावायच्या आधी पायात असतो. ती टेकलेली नव्हती. हाक येईल म्हणून थांबली होती.

"झाला?"

"झालं."

ती उठली. खुर्चीकडे वळून पाहिलं आणि मला वाटलं आता हीही तशीच चालत सुटणार. पण ती हसली. "पाय हलके झाले रे," एवढंच म्हणाली.

मावशीने ते कव्हर त्याच रात्रीत शिवलं, काही न विचारता. मला देताना मात्र पाठीची शेवटची शिवण तिने अर्धी उघडी ठेवली होती. दोऱ्याचं टोक बाहेर लोंबत होतं.

"ह्या ओढला की उसवता. बाय परत बसूचा म्हणाली तर तिका मेळाक होया. नको म्हणाली तर घट्ट मार. तिका इचार, तू ठरवू नको."

रविवारी सकाळी प्रवीण बाजारात गेला असताना मी ते चढवलं. भरलं. आबांसारखं ऐसपैस नाही, बारीकसं, पुढे झुकलेलं, हात मांडीवर. कुणीही बघून सांगितलं असतं की ही बाई आता उठेल. काकीने खुंटीवरची पिशवी घेतली आणि चौकटीपाशी थांबली. माझ्याकडे पाहिलं नाही. पायरी उतरली. अंगण. एक पाऊल, दुसरं.

खुर्ची करकरली.

काकी थबकली. तिचं पाऊल हवेत होतं. आत, लाकडी खुर्चीतल्या निळ्या कापडाची गुडघ्यांवरची चुणी ताणली, जणू कुणी उठायला हात टेकले. आणि काकीचं पाऊल अंगणातच पुढे पडलं. ती फाटकाबाहेर गेली. मी तिला म्हापशाच्या बसपर्यंत स्कूटरने सोडायला निघालो तेव्हा म्हणाली, "नको रे, स्कूटरीर बसाक लागता." ती चालत गेली.

सोमवारी संध्याकाळी डिचोलीहून फोन आला. मागे भांड्यांचा आवाज आणि एका म्हाताऱ्या बाईचं हसणं.

"पुता, सरस्वतीच्या डोळ्यार पट्टी असा, पण तोंड चालू असा. थेंब घातले. म्हापशासून उबीच इलंय, कंडक्टर म्हणाक लागलो जागा असा, बसा गो. मी म्हटलंय तूच बस."

"कसं वाटतंय?"

"पाय दुकतत. पण माझे दुकतत."

मी दोऱ्याबद्दल विचारलं. बसायचं असेल तर उसवून ठेवतो, नको असेल तर बांधून टाकतो.

मागे सरस्वती कुणालातरी म्हणत होती, बस गो जरा, कालपासून नाचतेस, आणि कुणीतरी म्हणजे यशोदाकाकीच होती. "मंजुळेक सांग," ती म्हणाली, "टाको घट्ट मार म्हणान."

मंगळवारी दुपारी मी कोरगावला गेलो. घरात कुणी नव्हतं. दोन्ही खुर्च्या शेजारी होत्या, एक पाय पसरून, एक पुढे झुकून. मी सुई ओवली, काकीच्या कव्हरामागे बसलो आणि उघडी शिवण घालू लागलो. कापडाच्या आत तो ताण तसाच होता, बोटांना लागत होता. शेवटचा टाका घालून मी गाठ मारली.

आरामखुर्ची करकरली.

शेजारचं कव्हर ताणलं. मला वाटलं आता उठणार. मग ते हळूहळू सैल झालं, पाठ मागे आली आणि लाकडाला टेकली. पुरी टेकली. हाताची चुणी मांडीवरून घसरून बाजूला पडली.

करकर पुन्हा झाली, जरा मोठ्याने. शेजारची उठली नाही. त्या घरात असं पहिल्यांदाच झालं असावं, कारण आरामखुर्ची बराच वेळ गप्प राहिली, जणू ऐकू आलं नसेल असं समजत होती. मी सुई पेटीत ठेवत होतो. दार माझ्या मागे होतं, फार लांब नव्हतं.

मग आरामखुर्चीतलं निळं डोकं, हनुवटीच्या चुणीसकट, माझ्या बाजूला वळलं.

मी स्वयंपाकघरात गेलो. डबे कुठे आहेत ते शोधायला थोडा वेळ लागला. साखर कमी, एवढं मला माहीत होतं.